पंपाचे फेरे ठीक, वॉटर ब्लॉक मात्र तुंबलेला

गेल्या महिन्यात माझ्या संगणकाच्या प्रोसेसरवरचा वॉटर ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वाहत्या पाण्यात सोडणारा धातूचा पोकळ ठोकळा, मी पाच वेळा उतरवला आणि पाच वेळा पुन्हा बसवला. त्यांपैकी पहिल्या दोन वेळा तो उतरवण्याचे काहीही कारण नव्हते, तिसऱ्या वेळी मी धडधाकट जोडणीत स्वतःच्या हाताने नवा दोष घातला, चौथ्या वेळी मूळ दोष सापडला आणि पाचव्या वेळी मी माझीच चूक निस्तरली. दोष नेमका कुठे आहे हे सांगणारी माहिती पहिल्या दिवसापासून माझ्या संगणकात साठत होती. मी मात्र तापमानाचा शेवटचा आकडा तेवढा पाहत बसलो आणि तो आकडा किती वेळात चढला याकडे लक्षच दिले नाही.

जोडणी साधीच आहे. तांब्याच्या तळाचा ब्लॉक, पाण्यातली उष्णता हवेत टाकणारा, तांबे आणि पितळ यांचा तीन पंख्यांचा रेडिएटर, एक छोटी टाकी, तिच्या बुडाशी बसवलेला पंप आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या मऊ, पारदर्शक नळ्या. पाणी फिरण्याच्या या संपूर्ण वर्तुळात, म्हणजे लूपमध्ये, सुमारे एक लिटर कूलंट (थंड करणारे पाणी) मावते. टाकीत मी एक तापमानाचा सेन्सर बसवला होता आणि तो मदरबोर्डला जोडलेला होता. पुढे त्याचा जो उपयोग झाला तो पाहता लूपमधली ही सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत मोलाची ठरली असे म्हणावे लागेल. सुरुवातीच्या दिवसांत प्रोसेसरवर पूर्ण भार टाकला की तो सुमारे २०० वॅट वीज घेई, कूलंट ३६ अंश सेल्सिअसवर आणि प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावत असे. दोन वर्षांत हाच ७२ चा आकडा हळूहळू ७८, मग ८४ आणि शेवटी ९२ झाला. कूलंट मात्र ३५–३६ अंशांवरच राहिले. खोलीचे तापमान, वीज आणि पंख्यांचा वेग यांतही काही बदल नव्हता.

या चार ओळी आज लिहिताना दोष कुठे असणार हे मला स्वच्छ दिसते. रेडिएटर जर धुळीने भरला असता किंवा त्याचे पंखे मंदावले असते, तर कूलंटच तापले असते आणि त्याच्यापाठोपाठ प्रोसेसर तितक्याच अंशांनी वर गेला असता. कूलंट जागच्या जागी आणि प्रोसेसर वीस अंशांनी वर, याचा अर्थ अडथळा चिप आणि पाणी यांच्या मधल्या टापूत आहे; म्हणजे प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामधल्या थर्मल पेस्टमध्ये, ब्लॉकच्या बसण्यात किंवा खुद्द ब्लॉकच्या पोटात. या टापूचे मोजमाप करण्याची सोपी रीत अशी की प्रोसेसरच्या तापमानातून कूलंटचे तापमान वजा करायचे आणि उरलेल्या अंशांना वॅटने भागायचे. चांगल्या दिवसांत माझे उत्तर दर वॅटला ०.१८ अंश होते, वाईट दिवसांत ते ०.२८ च्या पुढे गेले. नुसत्या अंशांपेक्षा हा भागाकार कितीतरी प्रामाणिक असतो. काही प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली स्वतःहून ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेले असतात. रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेतल्या वरच्या मॉडेलांबाबत ती बनवणाऱ्या एएमडीने हे उघडपणे सांगितले होते. त्यांच्या पडद्यावर ९५ दिसले म्हणून ब्लॉक उचकटायला घेणे म्हणजे दुखणे नसताना शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

पण त्या वेळी मी हा भागाकार केला नाही. आधी रेडिएटरची धूळ काढली, कारण ते काम सोपे होते. मग पंपाचे फेरे पाहिले. मदरबोर्डच्या पडद्यावर मिनिटाला ४,८०० फेरे दिसत होते, म्हणजे तो पूर्ण वेगाने फिरत होता, आणि मी पंपाला व त्यासोबत पाण्याच्या प्रवाहालाही निर्दोष ठरवून मोकळा झालो. इथेच माझी गाडी रुळावरून घसरली. पंपाच्या तिसऱ्या तारेतून येणारा इशारा फक्त एवढेच सांगतो की आतले चाक फिरत आहे. ते चाक पाणी पुढे ढकलते आहे की एकाच जागी घुसळते आहे, हे त्या तारेला कळण्याचा काही मार्ग नाही. उलट केंद्रोत्सारी पंपाच्या पुढची वाट बंद झाली की त्याला कमी पाणी हलवावे लागते, तो वीजही कमी घेतो आणि फेरे जराही कमी होत नाहीत. तुंबलेल्या लूपमधला पंप पडद्यावर सुदृढ दिसतो तो यामुळेच.

प्रवाह निर्दोष, रेडिएटर स्वच्छ, मग उरली पेस्ट. थर्मल पेस्टवर संशय घेणे हे या छंदातले सर्वांत जुने व्यसन आहे, कारण ती दिसते, बदलता येते आणि बदलल्यावर काहीतरी केल्याचे समाधान मिळते. तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० आहे, हवेची ०.०२६ आहे, आणि सर्वसाधारण पेस्टची ५ ते १० च्या दरम्यान असते. सर्व आकडे दर मीटर दर अंशाला वॅट या एककात. म्हणजे पेस्ट तांब्याच्या मानाने फारच सुमार वाहक आहे, तरी प्रोसेसरच्या झाकणावरच्या सूक्ष्म खाचाखळग्यांत अडकलेल्या हवेपेक्षा काही शे पटींनी चांगली आहे. तिचे काम हवा हाकलण्याचे, आणि थर जितका पातळ तितके ते काम उत्तम. वाटाण्याएवढा ठिपका घालावा, फुली मारावी की चमच्याने सारवावी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझा अनुभव असा की दाब योग्य आणि सर्व बाजूंनी समान असेल तर तिन्ही प्रकारांत मोजण्याइतका फरक पडत नाही, आणि दाब योग्य नसेल तर तिन्ही प्रकार सारखेच निरुपयोगी ठरतात.

पहिल्यांदा पेस्ट बदलली तेव्हा ९२ चे ९१ झाले. दुसऱ्यांदा महाग पेस्ट आणून लावली तेव्हा पुन्हा ९२ झाले. तिसऱ्यांदा मी वैतागून घाईत ब्लॉक बसवला, आणि भार टाकताच प्रोसेसर एका क्षणात ९७ अंशांना जाऊन भिडला व स्वतःचा वेग कमी करू लागला. परिस्थिती सुधारली नाही एवढेच नव्हे, तर ती वेगळ्या रीतीने बिघडली, आणि त्या वेगळेपणामुळे मी प्रथमच थांबून विचार केला.

तापमान मोजणारा माझा प्रोग्रॅम दर सेकंदाची नोंद फायलीत लिहून ठेवतो. मी त्यातल्या तीन नोंदींचे आलेख एकाखाली एक काढले: दोन वर्षांपूर्वीचा, तिसऱ्या पेस्टच्या आधीचा आणि तिसऱ्या पेस्टनंतरचा. पहिल्यात भार पडताच रेषा एका उडीत साठीच्या घरात जात होती, काही सेकंदांत तिथून थोडी वर सरकत होती आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे अगदी संथपणे ७२ पर्यंत चढत होती. दुसऱ्यात सुरुवातीची उडी जवळजवळ तेवढीच होती, पण तिच्यानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटात रेषा खडा चढ चढून नव्वदीत पोहोचत होती. तिसऱ्यात चढ असा नव्हताच. सरळ भिंत होती. भार काढल्यावरही हाच प्रकार उलट क्रमाने दिसत होता. दुसऱ्या आलेखात तापमान रेंगाळत उतरत होते, तर तिसऱ्यात निम्म्याहून अधिक घसरण पहिल्याच सेकंदात होत होती.

हे असे का होते ते समजायला थोडे गणित पुरते. चिप आणि तिच्यावरचे झाकण यांचे वस्तुमान इतके कमी की ती क्षणार्धात तापतात. म्हणून पेस्ट किंवा दाब यांतला दोष पहिल्याच सेकंदात दिसतो. ब्लॉकचा तांब्याचा तळ आणि त्याच्या पोटातले चमचा-दोन चमचे पाणी मिळून एका अंशाने तापायला दीडशे ज्यूलच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे २०० वॅटला तो सेकंदाला साधारण एका अंशाने तापू शकतो. म्हणून ब्लॉकमधून पाणी नीट वाहत नसेल तर तो दोष अर्ध्या-एका मिनिटात उलगडतो. आणि लूपमधले एक लिटर पाणी एका अंशाने तापायला ४,१८० ज्यूल, म्हणजे २०० वॅटला एकवीस सेकंद लागतात, तेही रेडिएटरने काहीच उष्णता बाहेर टाकली नाही असे धरले तर. म्हणून रेडिएटरचा किंवा पंख्यांचा दोष दिसायला दहा-वीस मिनिटे जातात. एकाच लूपमध्ये वेगवेगळ्या गतीची तीन घड्याळे चालू असतात, आणि आलेखातली रेषा कोणत्या घड्याळाने चढली हे पाहिले की हत्यार हातात घेण्याआधीच दोषाचा पत्ता कळतो. माझ्या दुसऱ्या आलेखातला चढ ब्लॉकच्या घड्याळाचा होता. तिसऱ्या आलेखातली भिंत चिपच्या घड्याळाची होती. दोष एक नव्हता, दोन होते, आणि दुसरा पहिल्याला झाकत होता.

मूळ दोषाचा छडा आधी लावायचे ठरवले. संगणकावर दहा मिनिटे भार ठेवला आणि ब्लॉकमध्ये शिरणारी नळी एका हातात व बाहेर पडणारी नळी दुसऱ्या हातात धरली. शिरणारी जेमतेम कोमट होती, बाहेर पडणारी स्पष्टपणे गरम होती. दिसायला ही अगदीच प्राथमिक चाचणी, पण तिच्यामागचा हिशेब पक्का आहे. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर त्याला एका अंशाने तापवायला सुमारे ७० वॅट लागतात. निरोगी लूपमध्ये मिनिटाला चार लिटर वाहत असतील तर २०० वॅटच्या प्रोसेसरवरून जाताना पाणी एक अंशानेही तापत नाही, आणि हाताला दोन्ही नळ्या सारख्याच लागतात. हाताला फरक कळतो आहे, याचाच अर्थ पाणी ब्लॉकमध्ये नको तितका वेळ रेंगाळते आहे.

प्रवाह मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नव्हते, म्हणून मोजपात्र घेतले. संगणक बंद करून मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्ड यांच्या विजेच्या जोडण्या काढल्या, पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगमधली १६ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडून फक्त पंप चालू होईल अशी व्यवस्था केली, ब्लॉकमधून बाहेर पडणारी नळी फिटिंगमधून सोडवून तिला जोडलेल्या तुकड्याचे टोक मोजपात्रात सोडले आणि टाकी कोरडी पडू नये म्हणून वरून डिस्टिल्ड पाणी घालत राहिलो. पंप कोरडा फिरला तर त्याचे बेअरिंग जाते, कारण त्याचे वंगण म्हणजे तेच पाणी. पाव लिटर भरायला चार सेकंदांच्या आसपास लागायला हवे होते. धार करंगळीएवढीही नव्हती, आणि घड्याळात अठ्ठावन्न सेकंद झाले तेव्हा पाण्याने पाव लिटरची खूण गाठली. तीच चाचणी ब्लॉक वगळून, फक्त रेडिएटरमधून पाणी नेऊन केली तेव्हा पात्र डोळ्यांदेखत भरले. मिनिटाला ४,८०० फेरे घेणारा माझा निर्दोष पंप ब्लॉकमधून मिनिटाला पाव लिटर पाणी ढकलत होता.

ब्लॉक उघडताना काय दिसते ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण उघडण्याआधी मला त्याची धड कल्पना नव्हती. वरचे झाकण आठ स्क्रूंनी बसवलेले होते. ॲलन की ने ते आळीपाळीने सैल केल्यावर झाकण, त्याच्या खोबणीतली रबरी ओ-रिंग, तिच्याखाली मध्ये लांबट चीर असलेली स्टीलची पातळ जेट प्लेट आणि सर्वांत खाली तांब्याचा तळ, असे चार भाग सुटे झाले. या तळाच्या मध्यभागी, चिपच्या बरोबर वर येईल अशा चौकोनात, तांबे तासून उभी केलेली बारीक पाती असतात आणि दोन पात्यांमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशाएवढीच असते. पाणी वरून जेट प्लेटच्या चिरेतून मधोमध या पात्यांवर पडते, दोन्हीकडे फाटते आणि फटींतून धावत कडेला बाहेर पडते. एवढ्याशा जागेत पाण्याला तांब्याचा जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून ही सारी रचना. पण जी फट उष्णता काढण्यासाठी इतकी अरुंद ठेवली आहे, तीच लूपमधल्या कचऱ्यासाठी उत्तम गाळणीही ठरते. टॉर्चच्या उजेडात तळ तिरपा धरला तेव्हा कडेच्या फटी स्वच्छ, तांबूस दिसत होत्या, पण मधल्या पट्ट्यात, जिथे चिरेतून पाणी पडते तिथे, पातीच दिसत नव्हती. त्यांच्यावर पांढरट, किंचित हिरवी झाक असलेला मेणासारखा थर सारवल्यासारखा बसला होता. नखाने उचलला तर तो ग्रीससारखा चिकट लागला.

हा थर कुठून आला याचे उत्तर नळ्यांनी दिले. मऊ पारदर्शक पीव्हीसी नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते, आणि गरम पाण्याच्या सततच्या सहवासात ते हळूहळू पाझरून बाहेर येते. माझ्या नळ्या नव्या असताना काचेसारख्या होत्या. आता त्या आतून दुधाळ झाल्या होत्या आणि वाकवल्यावर पूर्वीपेक्षा ताठ लागत होत्या. त्यांच्यातून सुटलेला मऊपणा माझ्या ब्लॉकमध्ये जाऊन बसला होता. ब्लॉक तुंबण्याची इतर कारणेही आहेत: नवा रेडिएटर न धुता बसवला तर त्याच्या डाखकामातले फ्लक्स नावाचे रसायन, रंगीत कूलंटमधले खाली बसणारे कण, जंतुनाशक नसलेल्या पाण्यात वाढणारे शेवाळ. ॲल्युमिनियम आणि तांबे एकाच लूपमध्ये आले तर दोघांचा मिळून एक छोटा विद्युतघट तयार होतो, त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याचा गाळ असाच पात्यांत येऊन बसतो. अनेक कारखानी सीलबंद कूलरांत तांब्याचा तळ आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र असतात. तिथे हा घट गंजरोधक रसायनांनी काबूत ठेवलेला असतो, म्हणून असा कूलर उघडून त्यात नुसते पाणी भरण्याचा उद्योग करू नये.

साफसफाईला फार काही लागले नाही. प्लॅस्टिसायझरचा थर तेलकट असल्यामुळे कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब आणि मऊ टूथब्रश यांनी तो सुटला. ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा नाही, कारण पाती इतकी पातळ असतात की जोर लागला तर वाकतात आणि वाकलेली फट पुन्हा सरळ होत नाही. सुई किंवा ब्लेड तर जवळही आणू नये. उरलेला काळपट डाग पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवल्यावर गेला. माझा तळ उघड्या तांब्याचा होता म्हणून हे चालले. निकेलचा मुलामा असलेल्या तळावर आम्ल वापरू नये, कारण मुलाम्याला कुठे सूक्ष्म छिद्र असेल तर आम्ल तिथूनच त्याला सोडवायला लागते. शेवटी सगळे भाग डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून धुतले आणि तळ टॉर्चवर धरला. आता प्रत्येक फट वेगळी मोजता येत होती.

जोडताना दोन ठिकाणी सावध राहिलो. जेट प्लेट जशी निघाली तशीच, त्याच बाजूने आणि त्याच दिशेने बसवायची होती, आणि उघडताना मी तिचा फोटो काढून ठेवला होता म्हणून ते जमले. चीर पात्यांना आडवी न राहता समांतर गेली तर पाणी मोजक्याच फटींत शिरते. ओ-रिंग खोबणीत बोटाने चाचपून बसवली, कारण तिच्याखाली केस किंवा कापसाचा धागा राहिला तरी गळतीला तेवढे पुरते. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले. आत येणारे आणि बाहेर जाणारे तोंड कोणते, हेही पुन्हा पाहून घेतले. ती अदलाबदल झाली तर ब्लॉक बंद पडत नाही, पण पाणी कडेकडून येऊन मधोमध बाहेर पडते आणि काही अंश उगीचच हातचे जातात. जुन्या नळ्या टाकून काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या बसवल्या. त्यांतून पाणी दिसत नाही हे खरे, पण प्लॅस्टिसायझरचा त्रास त्यांत जवळजवळ नसतो, आणि दोन वर्षे पाणी पाहून माझे काही भले झाले नव्हते. मग प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून, बाकी सर्व भाग विजेपासून तोडलेले ठेवून, फक्त पंप चोवीस तास चालवला. कूलंटच्या बाटलीवर वीज वाहून नेत नसल्याचे लिहिलेले असते, त्यावर विसंबून ही पायरी गाळू नये. शुद्ध पाण्याची वाहकता अत्यल्प असते हे खरे असले, तरी धातूंवरून फिरता फिरता त्यात आयन मिसळत जातात.

मोजपात्राची चाचणी पुन्हा केली आणि पाव लिटर साडेचार सेकंदांत भरले. मोठ्या उत्साहाने संगणक सुरू करून भार टाकला, तर तापमान एका क्षणात ९१. भिंत तशीच उभी होती. फरक एवढाच की आता ती ९१ वर थांबत होती आणि तिच्यानंतरचा चढ नाहीसा झाला होता. पहिला दोष गेला होता आणि दुसरा आता एकटाच, उघडा पडला होता. कोअरनिहाय, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या प्रत्येक गणनाकेंद्राची वेगवेगळी, तापमाने पाहिली तेव्हा एका बाजूचे कोअर दुसऱ्या बाजूच्या कोअरांपेक्षा बारा-तेरा अंशांनी गरम दिसले. सगळेच कोअर सारखे वर गेले असते तर पेस्टचा एकूण थर जाड असल्याचा संशय घेता आला असता. एकच बाजू वर जाते तेव्हा ब्लॉक कललेला असतो.

पाचव्यांदा ब्लॉक उतरवताना मी तो फिरवला नाही की घसटला नाही, सरळ वर उचलला, कारण पेस्टचा ठसा हाच एक साक्षीदार असतो आणि तो घाईत पुसला जातो. ठसा बोलका होता. एका कडेला पेस्ट इतकी पातळ झाली होती की तिच्यातून झाकणाचा धातू दिसत होता, आणि समोरच्या कोपऱ्यात ती भिंतीवरच्या गिलाव्यासारखी जाड व जशीच्या तशी ओलसर होती. त्या कोपऱ्यातला, मदरबोर्डच्या मागून येणाऱ्या पट्टीत बसवलेला उभा खांब हाताने हलवून पाहिला तर तो किंचित फिरला. तीन वेळा ब्लॉक काढताना वरचा स्क्रू सोडवण्याऐवजी खालचा खांबच माझ्याकडून अर्धा फेरा उलटा फिरला होता. एम४, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या, स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतर ०.७ मिलिमीटर असते, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात खांब ०.३५ मिलिमीटरने वर आला होता. ऐकायला हे अंतर क्षुल्लक वाटते, पण नीट दाबलेल्या पेस्टचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो, आणि थर चौपट झाला की त्यात अडणारे अंशही चौपट होतात.

उंचीतला हा बारकावा नव्या सॉकेटवर (मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेवर) जुना ब्लॉक बसवणाऱ्यांनाही नडतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये ब्लॉकच्या भोकांचा चौरस ७५ ऐवजी ७८ मिलिमीटरचा झाला आणि प्रोसेसरची बसलेली उंचीही आधीपेक्षा थोडी कमी झाली. भोके लांबट असलेली मागची पट्टी असेल तर जुना ब्लॉक त्यावर बसतो, स्क्रू शेवटपर्यंत आवळले जातात, सगळे ठीक दिसते, पण खांब जुन्या उंचीचे राहिल्यामुळे तळ प्रोसेसरवर पुरेसा दाबला जात नाही. ब्लॉक घट्ट बसणे आणि प्रोसेसरवर घट्ट बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही डोकेदुखी आजची नव्हे. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या मेनफ्रेम प्रकारच्या मोठ्या संगणकात पाण्याने थंड होणारी जी मॉड्यूले होती, त्यांत प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा वेगळा दट्ट्या होता आणि उरलेल्या फटींत हवेऐवजी हेलियम भरलेला होता, कारण हेलियम हवेपेक्षा कितीतरी चांगला उष्णतावाहक आहे. शंभरेक चिपांवर एकच सपाट तळ सारखा टेकणार नाही हे त्या अभियंत्यांनी आधीच मान्य केले होते. मला एकाच चिपवर तो टेकवता आला नव्हता.

चारही खांब पान्याने आवळले, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, उरलेली साधी पेस्ट लावली आणि वरचे स्क्रू कर्णाच्या दिशेने, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा देत बसवले. पूर्ण भाराला वीस मिनिटांनी कूलंट ३६ आणि प्रोसेसर ७१ अंशांवर थांबला.

सीलबंद कूलर वापरणाऱ्यांना यातले मोजपात्र उपयोगाचे नाही, पण आलेख आणि नळ्यांना हात लावून पाहणे दोन्ही उपयोगाचे आहे. शिवाय ब्लॉकला दोष देण्याआधी त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. अनेक कूलरांचा पंप ब्लॉकच्याच डोक्यात असतो, आणि तो मदरबोर्डवरच्या पंख्याच्या जोडणीला लावला असेल तर बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम) त्याला पंखा समजून शांततेच्या नावाखाली मंद करते. त्याला पंपाची जोडणी द्यावी किंवा वेग कायम पूर्ण ठेवावा. दुसरे म्हणजे अशा कूलरात वर्षानुवर्षे नळ्यांच्या भिंतींतून थोडे पाणी उडून जाते आणि त्या जागी हवा येते; रेडिएटर ब्लॉकपेक्षा खाली बसवलेला असेल तर ती हवा सर्वांत उंच जागी, म्हणजे थेट पंपात जाऊन बसते आणि खळखळ ऐकू येऊ लागते. रेडिएटरचा वरचा भाग पंपाच्या वर राहील असे बसवले की पुष्कळदा तेवढ्यानेच आवाज जातो. आणि ब्लॉक नवा असेल, तापमान पहिल्या क्षणापासून भिंतीसारखे चढत असेल, तर तळावरची पारदर्शक संरक्षक फिल्म काढली होती का, हे स्वतःला विचारायला लाजू नये.

संगणकाच्या बाजूच्या झाकणाच्या आतून मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: पाव लिटर, साडेचार सेकंद, दर वॅटला ०.१८ अंश. पुढच्या खेपेला ब्लॉकला हात लावण्याआधी हे दोन आकडे तपासायचे. दुरुस्तीनंतरही दोन कोअर इतरांपेक्षा चार अंशांनी गरम राहतात, पण दोन वर्षांपूर्वीच्या नोंदींतही ते तसेच होते, त्यामुळे सहाव्यांदा ब्लॉक उतरवलेला नाही.